कुंडली राहू द्या, पर्जन्यमान सांगा

माझ्या पूजाला बघायला पहिलं स्थळ आलं, तेव्हा शेजारच्या नागोराव सरांना मी वडीलधारे म्हणून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी खिशातून कुंडलीचा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. तो सरांनी मधेच अडवला.

"कुंडली राहू द्या," सर म्हणाले. "पर्जन्यमान सांगा."

"काय सांगू?"

"तुमच्या गावचं वार्षिक पर्जन्यमान. मिलिमीटरमध्ये."

वडिलांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा बँकेत होता. पगार किती, हप्ता किती, हे सांगायची तयारी करून आला होता. पावसाची तयारी त्याची नव्हती.

"पडतो की चांगला," वडील म्हणाले.

"चांगला हा आकडा न्हाई. सरासरीवर बोला."

मग सरांनी जमिनीची खोली विचारली. वडील म्हणाले, सातबारा दाखवतो. सर म्हणाले, सातबाऱ्यावर मातीची खोली नसते, पुढच्या खेपेला येताना शेतातली एक मूठ माती आणा. यावर मुलाची आई पहिल्यांदाच बोलली.

"माती काहून? करणीबिरणी करता का काय?"

ते लोक परत आले नाहीत. माझ्या बायकोनं आठवडाभर सरांच्या घराकडची खिडकी उघडली नाही. मला मात्र राग आला नाही. मी पतसंस्थेत हिशेब पाहतो. आकडा विचारणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही. शिवाय मुलगी द्यायची ती एका गावात द्यायची, ग्रहांवर नाही, हे सरांचं म्हणणं मला बराबर वाटत होतं. हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मुलीच्या वेळीही विचारला होता, आणि त्याचं काय झालं तेच सांगायला मी बसलो आहे.

नागोराव सरांनी सेनगावच्या शाळेत सगळी नोकरी भूगोल शिकवला. रिटायर झाल्यावर शाळा सुटली, भूगोल सुटला नाही. लोक खिशाला पेन लावतात तिथं त्यांचं होकायंत्र असतं. बैठकीत देवाच्या तसबिरी लावायच्या भिंतीवर तालुक्याचे सर्वेक्षणाचे नकाशे खळीनं एकमेकांना जोडून चिकटवले आहेत. देव स्वयंपाकघरात गेले. सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात, "देवाला तरी तिथं ऊब लागती. ह्यांच्या नकाशापुढं त्येला बसायला जागा न्हवती."

डावं-उजवं हे शब्द सर वापरत नाहीत. कटिंगच्या दुकानात बसले की सांगतात, "ईशान्येकडून जरा कमी कर." पंगतीत वाढप्याला म्हणतात, "वरण वायव्येला वाढ." वाढप्या गोंधळून भातावर कढी ओततो. एकदा माझ्या मोबाईलवर रस्ता लावून आम्ही औंढ्याला एका लग्नाला निघालो होतो. मोबाईलमधली बाई म्हणाली, पाचशे मीटरवर डावीकडे वळा. सर तिला म्हणाले, "डावीकडं म्हंजे कोणाच्या, बाई?" बाईनं तेच परत सांगितलं. लग्नमंडप येईपर्यंत दोघांचं चालू होतं.

मातीवर त्यांचा वेगळाच जीव. कोणी नवी जमीन घ्यायला निघालं की सर आधी जाऊन ढेकूळ उचलतात, फोडतात, थोडं पाणी शिंपडून तळहातावर शेवेसारखी लड वळतात. लड तुटली नाही तर माती भारी. तुटली तर मुरमाड. मग मान हलवून ढेकूळ होतं तिथंच परत ठेवतात, जसं काही कोणाच्या घरातली वस्तू बघून झाल्यावर परत जागेवर ठेवावी.

त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे. शेळ्यांनी पाडू नये म्हणून त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. रोज सकाळी साडेआठ वाजता सर त्यातलं पाणी मापात ओतून बघतात. रोज म्हणजे एप्रिलमध्येही. मी एकदा मधल्या भिंतीवरून विचारलं, "सर, आभाळात ढग नाही, काय मोजता?"

"शून्य," ते म्हणाले. "पण मोजून शून्य. न मोजता शून्य म्हणणारे वेगळे, दिगंबरराव."

वर्गात ते मृदा शिकवायचे ती तालावर. डस्टर टेबलावर आपटत म्हणायचे, "जांभा मृदा!" आणि वर्गानं ओरडायचं, "लोह जास्त, छिद्रं फार, पाणी धरून ठेवत नाही!" आमच्या तालुक्यात आज चाळिशीत असलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी तो हे सांगेल. सेनगाव-हिंगोली एसटीवरचा एक कंडक्टर त्यांचाच विद्यार्थी. सर गाडीत चढले की तो तिकीट फाडता फाडता म्हणतो, "सर, जांभा मृदा?" आणि सर भर गाडीत उत्तर देतात, "छिद्रं फार!" लोक हसतात. सरही हसतात.

त्यांना एकच मुलगी, रेणुका. ती दहावीत होती त्या वर्षी आमच्याकडं पाण्याची मोठी ओढाताण होती. हे मला काकूंनी सांगितलं, सर समोर बसलेले असताना.

"मला टायफाईड झालता. टँकर यायचा बराबर शाळेच्या टायमाला. मंग पोरगीच घागर घेऊन जायची. अन् ह्यांचा पहिला तास. वर्गाच्या खिडकीतून टँकर दिसायचा. लेकरू रांगेत उभं, ह्यांला दिसून राहिलं, अन् ह्यांनी हजेरीत काय लिवावं? गैरहजर."

"गैरहजरच होती," सर म्हणाले. "हजेरीत खोटं कसं लिवायचं?"

"ते तर व्हय. पण त्या दिवशी घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणले, हिला पाण्याच्या गावातच द्यायचं."

म्हणून रेणुकाच्या लग्नाच्या वेळी सरांनी स्थळं पाहिली ती पावसाच्या नकाशावर. दख्खनच्या पठारावरची बरीचशी स्थळं पहिल्याच बैठकीत गेली. एक डॉक्टर पर्जन्यछायेत राहत होता म्हणून गेला. काकूंनी त्या डॉक्टरचं नाव अजून लक्षात ठेवलं आहे. मग बालाजी आला.

बालाजी मूळचा आमच्याच तालुक्यातला, पण नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. आमच्याकडची पुष्कळ पोरं तिकडं शिक्षक आहेत. नोकरी लागल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच विषय असतो, आंतरजिल्हा बदली. मुलींचे बापही तेच विचारतात, बदली कधी होणार. बालाजी त्याचं उत्तर पाठ करून आला होता.

"बदली होईल," त्यानं न विचारताच सांगून टाकलं. "दोन-तीन सालात नक्की."

सरांचा चेहरा पडला. "होणार न्हाई असं काही करता येईल का?"

बालाजी आजही हे सांगून हसतो. सातआठ बापांनी त्याला लांबच्या नोकरीपायी नाकारलं होतं. सरांनी त्याच नोकरीपायी पसंत केलं. आमचा पाऊस आठशे-नऊशे मिलिमीटरचा, तिकडं तीन हजारांच्या वर. सरांनी दोन्ही आकडे मला मोठ्या आवाजात वाचून दाखवले, जसं काही जावयाचे मार्क वाचावेत. लग्न झालं. पहिल्या दिवाळीला सर कोकणात जाऊन आले. डोंगर हिरवे, ओढे वाहते, विहीर हात घालून पाणी घ्यावं इतकी भरलेली. मुलीच्या अंगणात त्यांनी एक पर्जन्यमापक बसवला आणि समाधानानं परत आले.

तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठनंतर रेणुकाचा फोन येतो. सर स्पीकर लावतात. "बाबा, एकशे चाळीस." सर फोन ठेवून मधल्या भिंतीपाशी येतात. "दिगंबरराव, आपलं सहा. रेणुकाचं एकशे चाळीस." बाकीचे बाप मुलीच्या घरी गाडी आली, फ्लॅट झाला ते सांगतात. सर मिलिमीटर सांगतात. गल्लीतल्या बायका आधी हसायच्या, पुढं त्याही विचारू लागल्या, "आज रेणुकाकडं किती?"

मधे एकदा बालाजीची बदली खरोखर जमत आली. हिंगोली जिल्हा, तोही आमच्याच बाजूला. काकूंनी मागची खोली झाडून घेतली. सरांनी जावयाला फोन केला. "बदली घेऊ नका. टँकरच्या गावात लेकरं आणता का?" बालाजीनं सासऱ्याचा मान ठेवला आणि बदली नाकारली. काकू त्या दिवशी आमच्याकडं येऊन बसल्या. माझ्या बायकोनं चहा केला, तो निवून गेला.

दर उन्हाळ्यात मात्र रेणुका दोन्ही लेकरं घेऊन माहेरी यायची. एप्रिल संपला की यायची आणि पाऊस लागल्यावर जायची. येताना आंब्याची एक पेटी असायची आणि मोठमोठी गाठोडी. गाठोड्यांत गोधड्या, चादरी, पडदे, सतरंज्या. आल्या दुसऱ्या दिवशी ती धुणं काढायची. सरांच्या गच्चीवर आणि मग आमच्याही गच्चीवर कोकणातलं अंथरूण-पांघरूण वाळायचं. आता आमच्याकडं बोअर आहे, नळाला एक दिवसाआड का होईना पाणी येतं.

माझ्या बायकोनं सरांना विचारलं, "इतक्या लांबून गोधड्या धुवायला आणती का ही?"

"आर्द्रता," सर म्हणाले. "समुद्रकाठी हवेत बाष्प जास्त. कपडा धुतला तरी वाळत न्हाई. आपली हवा कोरडी, म्हणून आणती."

आम्हांला ते पटलं. सरांनी सांगितलेलं कारण नेहमी पटतंच. काकू तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

या वर्षी रेणुका आली नाही. मे लागून आठवडा झाला, तेव्हा तिचा फोन आला. मी तिथंच होतो. "बाबा, यंदा येणं जमत न्हाई. पाय मोडलाय. प्लास्टर घातलंय. काळजी नका करू."

"कसा मोडला?"

"घसरले. विहिरीकडं जाताना."

"शेवाळ," सर लगेच म्हणाले. "तिकडच्या दगडावर शेवाळ धरतं. आर्द्रता."

फोन ठेवला. सर भिंतीवरच्या नकाशाकडं पाहत उभे राहिले. नकाशा सेनगाव तालुक्याचा होता, त्यात कोकण कुठून असणार. मग ते माझ्याकडं वळले.

"दिगंबरराव, मे महिन्यात शेवाळ कसं?"

सर नकाशापासून बाजूला झाले.

"अन् अंगणात विहीर आहे ना तिच्या? मग विहिरीकडं जाताना म्हंजे कोणत्या?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुमालाच ठाऊक. तुमी भूगोलाचे मास्तर." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आमी उद्या निघतो. तुमी संगं चला बरं. मला गुडघ्याची तकलीफ, अन् हे रस्ताभर त्या मोबाईलवाल्या बाईशी भांडत बसतील."

मी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सेनगावहून हिंगोलीची एसटी धरली. नेमका तोच कंडक्टर. सरांना पाहून खूष झाला. "सर, इतकं सामान? कुठं दौरा?"

"कोकणात," काकू म्हणाल्या. "लेकीकडं."

"अरे वा. मंग सर, जांभा मृदा?"

गाडीतले दोघं-तिघं आधीच हसायच्या तयारीत वळले. सर खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर नांगरलेली काळी रानं, भेगा पडलेली, कडेला पळस. कंडक्टरला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं परत विचारलं. सरांनी पैसे पुढं केले आणि म्हणाले, "तीन हिंगोली." तो पोरगा वरमला. तिकीट देऊन मागं निघून गेला.

हिंगोलीहून पुण्याची ट्रॅव्हल्स, पुण्याहून पुढं एसटी. सर वाटेत कोणाशीही भांडले नाहीत. होकायंत्र खिशातच राहिलं. मला ते भांडण बरं वाटलं असतं.

बालाजीचं नोकरीचं गाव डोंगराच्या माथ्यावर आहे. माथा म्हणजे कातळाचं सपाट पठार. तिकडं त्याला सडा म्हणतात. दिवाळीत सरांनी तो हिरवा पाहिला होता. आता गवत जळून गेलं होतं आणि खालचा काळपट तांबूस दगड तव्यासारखा तापला होता. दगडाला बारीक बारीक भोकं. जांभाच तो. सरांनी रिक्षातून उतरल्यावर एक तुकडा उचलला, हातात फिरवला आणि जागेवर ठेवला.

रेणुका पाय लांब करून ओटीवर बसली होती. आम्हांला पाहून उठायला लागली. काकूंनी तिला खाली बसवलं. नात आत गेली आणि सरांच्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन आली. दुसऱ्या हातात घमेलं होतं. ते तिनं आधी आजोबांच्या पायांखाली सरकवलं.

"हे कशाला ग?" सरांनी विचारलं.

"पाणी सांडतं ना, आबा. मिरचीला घालायचंय."

सरांनी पाय धुतले. अर्ध्या तांब्यातच धुतले. नातीनं घमेलं उचलून अळवाच्या आणि मिरचीच्या मुळाशी नीट वाटून ओतलं. ओटीच्या कडेला निळी पिंपं होती, झाकण लावलेली. आवारातल्या विहिरीवर पत्रा टाकला होता. सरांनी पत्रा थोडा सरकवून आत पाहिलं. मीही पाहिलं. तळाला दगड दिसत होता.

चहा झाला. चहा अर्धाच कप होता, पण तो आमच्याकडंही अर्धाच असतो, म्हणून मी त्यातून काही अर्थ काढला नाही.

सकाळी बालाजी दोन कळश्या आणि एक हंडा घेऊन निघाला. सर त्याच्या मागं निघाले, सरांच्या मागं मी. सड्यावरून पायवाट खाली दरीत उतरते. उतार असा की बोलता येत नाही. खाली काजूच्या झाडांत एक झरा आहे, म्हणजे दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार. बायका रांगेत बसल्या होत्या. पुढची बाई करवंटीनं पाणी कळशीत भरत होती. करवंटी भरायलाही थांबावं लागत होतं.

एका बाईनं बालाजीला विचारलं, "सासरे काय, गुरुजी?"

"व्हय. सेनगावचे."

ती सरांकडं वळली. "म्हणजे ते पावसाचं भांडं लावलेले आजोबा ते तुम्हीच काय?"

"मीच," सर म्हणाले.

"आता कशाला आलात? आता त्यात काय नाय पडत." ती हसली. बाकीच्याही हसल्या. वाईट मनानं नाही. मग तिनं आपली कळशी बाजूला घेतली. "भरा गुरुजी तुम्ही आधी. पाव्हणे आहेत घरात."

बालाजी नको म्हणाला. ती ऐकेना. बालाजीनं हंडा भरला, एक कळशी भरली. दुसरी अर्धी झाली तेव्हा सरांनी ती उचलली.

"मामा, राहू द्या."

"चला."

"मामा, चढ आहे. तुमाला तकलीफ होईल."

"चढ मला दिसून राहिला. चला."

अर्ध्या वाटेवर ते थांबले. कळशी कमरेला धरून, दम लागलेला. खालून वर येणारी पूर्ण वाट तिथून दिसत होती. मध्येच एका ठिकाणी दगड सुटून घसरण झाली होती, तिथं काठी रोवून चिंधी बांधलेली होती.

"इथंच का?" सरांनी विचारलं.

"इथंच," बालाजी म्हणाला. "मी शाळेच्या कामानं तालुक्याला गेलतो त्या दिवशी."

घरी आल्यावर सरांनी कळशी पिंपात ओतली. शेवटचे थेंबही निथळू दिले. मग रेणुकाच्या शेजारी ओटीवर बसले. ती भाजी निवडत होती.

"बाबा, मी आकडे खोटे न्हाई दिले," ती म्हणाली. "पावसाळ्यात लई पाणी असतं इथं. विहीर वाहती."

"न्हाई. आकडे बराबर होते."

"मग असं काहून बसलात?"

"चार महिन्यांचेच होते. बाकीचे आठ मी विचारलेच न्हाईत."

रेणुका हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी इतके खूष होऊन फोन ठेवायचे. मी म्हणलं, आठ महिन्यांचं सांगून काय करायचं. मे महिन्यात तर मी तिकडंच असते."

"गोधड्या घेऊन."

"गोधड्या घेऊन."

"मी सगळ्यांना आर्द्रता सांगत बसलो."

"आर्द्रता पण आहे, बाबा," रेणुका म्हणाली. बापाला अगदीच उघडं पाडू नये म्हणून म्हणाली असावी.

संध्याकाळी सरांनी बालाजीला समोर बसवलं. "बदलीचा अर्ज भरा."

"दरसाल भरून राहिलो, मामा. एकदा नाकारली म्हणून नंबर मागं गेला. येईल तवा येईल."

"मला सांगितलं न्हाई."

"तुमी म्हणले असते, टँकरच्या गावात लेकरं आणता का."

काकू आत भाकरी थापत होत्या. त्यांचा थापण्याचा आवाज तेवढा थांबला, आणि मग परत सुरू झाला.

माझी रजा संपली. मला वाटलं आम्ही तिघं परत निघू. पण सर मला सोडायला फाट्यापर्यंत आले ते रिकाम्या हातांनी. रेणुकाचं प्लास्टर निघेपर्यंत आणि विहिरीला पाणी येईपर्यंत दोघं तिथंच राहणार होते. या माणसानं भावाच्या लग्नातून साडेआठची नोंद चुकू नये म्हणून पहाटेच्या गाडीनं घर गाठलं होतं, हे गल्लीला ठाऊक आहे. त्यांनी अंगणाच्या फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली.

"मोजाल ना?"

"मोजतो सर. शून्य आलं तरी मोजतो."

"अन् पूजाचं ते दुसरं स्थळ बघताय ना, तिथं आत्ताच जाऊन या. पाऊस लागायच्या आत. गेल्यावर पोहे मागू नका. पाणी मागा. पाणी कुठून आणतात ते बघा. अन् कोण आणतं ते बघा."

"सरासरी विचारू?"

गाडी आली. सरांनी माझी पिशवी उचलून आत दिली.

मी जाऊन आलो. पाणी मागितलं, मग टाकी कुठं आहे ते विचारलं, मग ती चढून पाहिली. मुलाच्या आईला मी फार चमत्कारिक माणूस वाटलो, असं मध्यस्थानं नंतर सांगितलं. पण पाण्याचा तांब्या मुलानं स्वतः भरून आणला होता, आणि टाकी भरायचं बटणही त्यालाच ठाऊक होतं. बोलणी पुढं चालली आहेत.

रोज सकाळी साडेआठला मी सरांच्या अंगणात जातो, बाभळीचे काटे बाजूला करतो, माप बघतो आणि त्यांना फोन करतो. "सर, शून्य." "बरं." एवढंच बोलणं. ते पाणी भरायच्या गडबडीत असतात. मागं बायकांचे आवाज येतात. एकदा ती करवंटीवाली बाई मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, तुमचा नंबर," आणि सर फोन तसाच चालू ठेवून गेले.

जून अर्धा झाला. आमच्याकडं आभाळ नुसतं येऊन जात होतं. कोकणात पाऊस सुरू झाल्याचं आदल्या रात्री बातम्यांत पाहिलं होतं. गल्लीतल्या बायका विचारत होत्या, रेणुकाकडं किती. मीही मनात आकड्याची जागा रिकामी ठेवून फोन लावला.

"सर, आपल्याकडं शून्य. तिकडं किती?"

पलीकडं पत्र्यावर पावसाचा आवाज होता. त्याच्याही वर पिंपात पाणी पडत असल्याचा जाड, घुमणारा आवाज.

"मोजलं न्हाई," सर म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय म्हणलात?"

"मोजलं न्हाई, दिगंबरराव. वाट निसरडी झाली, झऱ्याचं पाणी गढूळ. पागोळ्यांचं पाणी धरून राहिलो. पिंपाचं तोंड बारीक, बाहेर लई सांडत होतं. म्हणून पर्जन्यमापकाचं नरसाळं काढून पिंपाला लावलंय." आणि मग घाईनं म्हणाले, "ठेवतो. हे भरत आलं, दुसरं लावायचंय."